लेवीय लागलं की काय बोलायचं? पाराशावरची पाच मिनिटं

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, लेवीय हे त्यातलं तिसरं. दर आठवड्याला सिनेगॉगमध्ये तिचा जो भाग वाचतात तो पाराशा. प्रश्न असा आला आहे: "काका, आमच्या कोकणातल्या सिनेगॉगमध्ये शनवारी कसेबसे दहा पुरुष जमतात. प्रार्थना चालवणारे हजान इस्राएलला गेल्यापासून वाचन आम्ही दोघं-तिघं वाटून घेतो, आणि वाचनानंतर पाराशावर पाच मिनिटं बोलायचं माझ्याकडे आलंय. उत्पत्ती आणि निर्गम निभावलं, त्यात गोष्टी होत्या. आता लेवीय लागलं. चरबी, रक्त, राख, कातडीवरचे डाग. आजच्या यहुदी माणसाने यातून घ्यायचं काय? माझं प्रत्येक भाषण 'चांगलं वागा' इथंच येऊन टेकतं, माझा मलाच कंटाळा येतो. आणि हे मराठीत बोललं तर चालतं का?"

शेवटचं आधी घेऊ, कारण ते सोपं आहे. मराठीतच बोल. आठवड्याचा पाराशा घरी कसा वाचायचा याचा नियम तालमुदात, म्हणजे ऋषींच्या जुन्या चर्चाग्रंथात, बेराखोथ या भागात दिला आहे: मूळ दोन वेळा आणि तार्गूम एक वेळा. तार्गूम म्हणजे भाषांतर, आणि तेव्हाचं भाषांतर अरामी भाषेत होतं. अरामी काही देवदूतांची भाषा नव्हती, बाजारात आणि स्वयंपाकघरात बोलली जायची. ज्याला हिब्रू कळत नाही त्याच्या घरात तोरा त्याच्या बोलीतून शिरावी, एवढाच तिचा मान. आपल्या घरांत ती जागा मराठीची आहे. आपल्या लोकांनी ती फुकट मिळवलेली नाही. जॉन विल्सनने हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं ते १८३२ साली, बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुदी, मुलांना शिकवायला. तो मिशनरी होता, त्याचा हेतू वेगळा होता, पण आपल्या पूर्वजांनी व्याकरण घेतलं आणि बाकीचं तिथंच ठेवलं. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्या माणसांनी प्रार्थनांची पुस्तकं मराठीत आणण्यात आयुष्य घातलं. त्यामुळे मराठीत बोलताना ओशाळं होऊ नकोस.

एक व्यवहारातली सूचना. हाताशी मराठी 'पवित्र शास्त्र', म्हणजे बायबल, असेल तर वापर, पण लेवीयात वचनांचे आकडे हिब्रूशी जुळत नाहीत. हिब्रूत पाचवा अध्याय २६ वचनांचा आहे, मराठीत १९ चा. म्हणजे सहाव्या अध्यायात सात वचनांचा फरक पडतो. मी पहिल्या वर्षी लोकांना भलतंच वचन काढायला लावलं होतं. पुढच्या बाकावरचे एक आजोबा शांतपणे म्हणाले, "बाबा, इथं तर चोरीच्या मालाचं लिहिलंय."

आता मूळ दुखणं. भाषण 'चांगलं वागा'वर का उतरतं? कारण शुक्रवारी संध्याकाळी तू पाराशा उघडतोस आणि त्यातून शिकवण शोधायला लागतोस. शिकवण शोधणाऱ्याला शिकवणच सापडते, आणि ती त्याला आधीपासून माहीत असलेलीच असते. पाराशा आठवडाभर जवळ बाळगावा लागतो. त्याची सोय आपल्या वाडवडिलांनीच करून ठेवली आहे. शनवारी सात जणांना तोरावर बोलावतात, म्हणजे पाराशाचे सात तुकडे तयारच आहेत. रविवारी पहिला, सोमवारी दुसरा, असं वाचत जा. दोनदा हिब्रू, एकदा मराठी, मोठ्याने. वीस मिनिटं पुरतात. मी नोकरीत होतो तेव्हा सकाळच्या लोकलमध्ये वाचायचो. मोठ्याने नाही, ओठांत. वाचताना जिथं अडखळलो तिथं पेन्सिलीने टिंब द्यायचो. शिकवण शोधत नव्हतो, फक्त टिंबं देत होतो. गुरुवारपर्यंत पाच-सहा टिंबं व्हायची आणि त्यातलं एक डोक्यातून जायचं नाही. त्या एकावरच बोलायचं.

टिंब कुठं द्यायचं? कोण काय करतोय, कुठल्या भांड्यात, कुठले कपडे घालून, हे पाहा. लेवीयाची गंमत तीच आहे. उत्पत्तीत माणसं बोलतात, इथं हात काम करतात.

पहिलाच पाराशा घे, वायिक्रा. दुसऱ्या अध्यायात मिनहा येते, पिठाचं अर्पण. ते भट्टीतलं असेल तर असं, तव्यावरचं असेल तर तसं, कढईतलं असेल तर आणखी वेगळं. देवाला नैवेद्य तव्यावरचा की कढईतला याची चौकशी तोरा करते! जनावर ज्याला परवडत नाही तोच पीठ आणतो. तालमुदाच्या मेनाहोथ भागात विचारलंय की पिठाच्याच अर्पणाला तेलाचे एवढे पाच प्रकार कशाला. उत्तर एका दाखल्यात आहे: राजाला त्याच्या गरीब मित्राने जेवायला बोलावलं. राजाला त्याची ऐपत ठाऊक होती. तो म्हणाला, तुझ्याकडे आहे त्याचेच पाच पदार्थ तळून वाढ, म्हणजे मला तुझ्या हातचं चाखता येईल. आपण तेल्यांची जात. घाण्यावर ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना हे समजावून सांगायला लागतं? घरात एक मूठ पीठ आणि बुधलीभर तेल असलं की त्याच पिठाची धिरडी, पुऱ्या, घावनं करून पाहुण्याला तीन वेळा वाढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. 'कोर्बान' या शब्दाचं मराठी 'बळी' असं केलं की सगळं रक्ताकडे जातं. मूळ धातू जवळ येण्याचा आहे. माणूस रिकाम्या हाताने जवळ जायला संकोचतो, म्हणून हातात काहीतरी धरतो.

पुढचा पाराशा साव. तो वाचायला कंटाळवाणा, पण माझा आवडता. सुरुवातच राखेने होते. रात्रभर वेदीवर जळलेल्याची राख सकाळी कोहेनने, म्हणजे याजकाने, उचलायची, वेदीच्या बाजूला ठेवायची. मग ते कपडे उतरवायचे, दुसरे घालायचे आणि राख छावणीबाहेर न्यायची. तोराचा भाष्यकार राशी सांगतो की धन्याला हंडीत रांधताना जे कपडे घातले, ते घालून धन्याला पेला भरून देऊ नये. म्हणजे कपडे दोन, पण माणूस एकच. राख काढणारा आणि अर्पण करणारा वेगळा नाही. राखेसाठी कुणी गडी ठेवलेला नाही.

माझी आजी पहाटे उठून चुलीतली राख आधी काढायची. हातात सूप, डोक्याला फडकं. थोडी राख भांड्यांना, थोडी आळवात, उरलेली परसाबाहेर. मग हात-पाय धुऊन, लुगडं बदलून शेमाची प्रार्थना म्हणायची आणि त्यानंतर विस्तव. तिला साव पाराशा माहीत नव्हता. मला तो आधी तिच्या हातांत दिसला, पुस्तकात नंतर.

आणि मिश्नात, म्हणजे तालमुदाच्या मुळाशी असलेल्या नियमसंग्रहात, योमा या भागाच्या दुसऱ्या अध्यायात, याची पुढची गोष्ट आहे. ही राख काढायचं काम इतकं मानाचं मानलं जायचं की तरुण कोहेन त्यासाठी वेदीच्या चढावर धावत सुटायचे. एकदा दोघं बरोबरीने पोचले, एकाने दुसऱ्याला ढकललं, त्याचा पाय मोडला. तेव्हापासून चिठ्ठीसारखा निवाडा करून काम वाटायला लागले. आता हे तुझ्या दहा माणसांत सांगून बघ आणि मग विचार की शुक्रवारी दुपारी टांगलेल्या दिव्यांतली जळकी वात कोण काढतं, तेलकट काचा कोण पुसतं. आमच्याकडे ते काम एकाच म्हाताऱ्या शम्माशकडे, सिनेगॉगच्या सेवकाकडे, होतं. तो गेल्यावर महिनाभर कुणाच्या लक्षातच आलं नाही की काचा काळ्या का दिसतायत. मी सावच्या शनवारी योमाची ही शर्यत सांगितली, उपदेश केला नाही. पुढच्या शुक्रवारी दोन पोरं आली. शर्यत झाली नाही, पाय मोडला नाही, पण काचा निघाल्या.

सावमध्ये आणखी एक टिंब मिळेल. अर्पण मातीच्या भांड्यात शिजवलं तर भांडं फोडायचं, तांब्याच्या भांड्यात शिजवलं तर घासून पाण्याने धुवायचं. हा पाराशा पुष्कळ वर्षी पेसाहाच्या सणाच्या तोंडावर येतो. घराला चुना, तांब्या-पितळेला कल्हई, नवी मडकी, हे लहानपणी पाहिलेल्यांना इथं काही समजवायला नको. फक्त वाचून दाखव आणि गप्प बस, म्हातारी माणसंच बोलायला लागतील.

त्यापुढच्या शमिनी पाराशात तुला आपलीच गोष्ट मिळते. अकराव्या अध्यायात पाण्यातल्या जिवांचा नियम आहे: ज्याला पर आणि खवले आहेत ते खावं. परंपरा सांगते की यहुदी शिक्षक दावीद रहाबी कोकणात आला तेव्हा शनवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या शनवार तेल्यांकडे हिब्रू पुस्तक नव्हतं. शेमा तेवढा तोंडात होता. त्याने बायकांपुढे मासळीची पाटी ठेवली. त्यांनी खवल्यांची मासळी एका बाजूला घेतली आणि बिनखवल्यांची दूर सारली, आणि रहाबीला खूण पटली. त्याचा काळ कुठला यावर विद्वान भांडतात, भांडोत. मला त्यातलं हे महत्त्वाचं वाटतं की शेकडो वर्षं पुस्तकाशिवाय अकरावा अध्याय जपला तो विळीवर बसलेल्या बायकांनी. रावस, बांगडा इकडे. कोळंबी, तिसऱ्या, खेकडा, मोरी तिकडे. तोराची गुंडाळी हरवली तरी पाराशा हरवला नव्हता. आज कुणी मुलगा विचारतो, 'कोळंबीने काय होतं?' तेव्हा मी आरोग्याची कारणं देत नाही. ती खोटी पडतात, शेजारच्या आळीतले लोक कोळंबी खाऊन ठणठणीत असतात. मी त्याला ती पाटी सांगतो.

पण शमिनीत माशांपेक्षा खोल जागा त्याच्या आधी आहे. मोशेच्या भावाचे, अहरोनचे, दोन मुलगे एका दिवसात गेले. 'वायिद्दोम अहरोन', अहरोन गप्प राहिला. त्याच दिवशी मोशे चौकशी करतो की पापार्पणाचा बकरा नियमाप्रमाणे खाल्ला का नाही, जाळून का टाकला. उरलेल्या दोन मुलांवर चिडतो. उत्तर देतो बाप: आज माझ्यावर हे असं गुदरलं, आज मी तो खाल्ला असता तर देवाला बरं वाटलं असतं का? आणि मोशेने ते ऐकलं, त्याला पटलं. तालमुद इथं म्हणतो की मोशेला कबूल करायची लाज वाटली नाही. मला हे माहीतच नव्हतं, असं म्हणून तो सुटला नाही. ऐकलं होतं, विसरलो, असं म्हणाला. परंपरेच्या मोजणीप्रमाणे तोराच्या शब्दांचा मध्य इथेच पडतो, 'दारोश दाराश' या दोन शब्दांच्या फटीत. कसून चौकशी केली, असा त्याचा अर्थ. सगळ्या तोराच्या बरोबर मध्यावर एक मोठा माणूस नियमाची चौकशी करतोय, आणि त्याला शोकातल्या माणसापुढे माघार घ्यावी लागते.

मयताच्या घरी गेलास की हे उपयोगी पडेल. सात दिवस बसलेल्या घरात जाऊन 'हे असं नाही करायचं, ते तसं नाही करायचं' सांगणारे आपल्यात कमी नाहीत. मीही होतो.

आता ते सांगतो ज्यासाठी खरं म्हणजे हे उत्तर लिहायला बसलो. ताझरिया आणि मेसोरा, बहुतेक वर्षी हे दोन जोडून येतात. कातडीवरचे डाग, केसांचा रंग बदलणं, सात दिवस वेगळं ठेवणं. हिब्रू शब्द 'साराअथ'. मराठी भाषांतरांत त्याला महारोग, कुष्ठरोग म्हटलं गेलं आणि घोळ तिथून सुरू झाला. हा आज आपण म्हणतो तो कुष्ठरोग नव्हे. तो कपड्यांना होतो, घराच्या भिंतीलाही होतो. आणि तेराव्या अध्यायात स्पष्ट आहे की डाग पसरून सगळं अंग पांढरं झालं तर कोहेनने त्या माणसाला शुद्ध ठरवायचं. असा रोग कुठल्या दवाखान्यात दिसेल? तालमुदातल्या ऋषींनी तो मुख्यतः जिभेच्या पापाशी जोडला, चहाडी, बदनामी. मिर्यामने भावाविषयी बोलल्यावर तिला तो झाला, हे गणनेच्या बाराव्या अध्यायात आहे.

माझ्या वाचनाचं दुसरं की तिसरं वर्ष असेल. मी जिभेवर जोरदार बोललो. चहाडी करणाऱ्याच्या मनातलं त्याच्या कातडीवर उमटतं, आतलं बाहेर दिसतं, वगैरे. उपमा मला फार सुचतात, तो माझा दोष आहे. बोलून झालं, लोकांनी 'छान, छान' म्हटलं. किद्दूशचा आशीर्वाद झाल्यावर अंगणात आलो तर बायकांच्या बाजूला नात्यातली एक मावशी उभी होती. तिच्या दोन्ही हातांना, बोटांपासून मनगटापर्यंत, कोड होतं. लहानपणापासून मी पाहत आलो होतो, इतकं की दिसायचंच बंद झालं होतं. ती नेहमी सगळ्यांना पोह्यांची बशी स्वतः वाढायची. त्या दिवशी तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते आणि बशा दुसरीच कुणीतरी वाटत होती.

ती मला काही बोलली नाही. मी त्या दिवशी तिच्याजवळ गेलो नाही, आणि पुढच्या शनवारीही नाही. तिसऱ्या शनवारी गेलो. काय म्हणालो ते इथं लिहीत नाही. मोशेची कबुली त्याच महिन्यात वाचली होती, तरी मला तीन आठवडे लागले.

त्यानंतर मी मेसोरा पुन्हा वाचला, टिंबं पुसून, नव्याने. तेव्हा जे दिसलं ते आधी का दिसलं नाही कोण जाणे. चौदाव्या अध्यायात कोहेन त्या माणसाला तपासायला स्वतः छावणीबाहेर जातो. बाहेर काढलेल्याला उठून आत यायला लावत नाहीत, कोहेनने चालत जायचं. मिश्ना सांगते की नवऱ्या मुलाच्या अंगावर डाग दिसला तर लग्नाचे सात दिवस त्याला तपासायचंच नाही, सणातही तसंच. आणि घराचं प्रकरण तर हातात धरून पाहण्यासारखं. भिंतीवर डाग दिसला की घरमालकाने कोहेनकडे जाऊन म्हणायचं, 'घरात डागासारखं काहीतरी मला दिसतंय.' डाग आहे असं म्हणायचं नाही, डागासारखं म्हणायचं. मिश्ना म्हणते, तो स्वतः विद्वान असला आणि त्याला पक्कं ठाऊक असलं तरीही. मग कोहेनने यायच्या आधी हुकूम द्यायचा की घर रिकामं करा. का? कारण कोहेनने तोंडाने 'अशुद्ध' म्हटलं की घरातलं सगळं अशुद्ध होणार. लाकूड, कापड, धातू पाण्यात बुडवून शुद्ध करता येतं. फक्त मातीचं भांडं वाचत नाही, ते फोडावं लागतं. रब्बी मेइर विचारतो, मग तोराला कसली एवढी काळजी? त्याच्या मातीच्या कुपीची आणि लोट्याची.

आठवडी बाजारातला दोन पैशांचा लोटा. तो वाचावा म्हणून निकाल थांबतो, शास्त्री वाट पाहतो, सगळं घर अंगणात मांडलं जातं. त्या पाराशावर मी जिभेबद्दल बोललो, आणि समोरच्या बाईच्या हातांचा विचार केला नाही.

म्हणून तुला नियम म्हणून एवढंच सांगतो, आणि हा मोडू नकोस: बोलण्याआधी, तेबावर, वाचनाच्या चौथऱ्यावर, उभा असताना, बाकांवरून एकदा नजर फिरव. कुणाचा मुलगा परजातीत लग्न करून गेलाय, कुणाला मूल नाही, कुणाचं दुकान बसलंय, कुणाचा डोळा गेलाय. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नको, हे पुढे केदोशीम पाराशात येणारच आहे. तुझं वाक्य त्या बाकावर कसं पडेल ते आधी बघ. दुखावणार असेल तर दुसरं टिंब घे, पाराशात टिंबांचा दुष्काळ नसतो. आणि विशिष्ट माणसाला ऐकवायला म्हणून पाराशा कधी वापरू नकोस. ज्याला ऐकवायचं तो त्या शनवारी हमखास येत नाही.

'निर्गम निभावलं' म्हणतोस, पण त्याच्या शेवटच्या पाराशाला, पेकुदेला, काय बोललास? मला खात्री आहे, मिश्कानच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, फळ्या आणि पडदे बघून तू आधीच्या वायाखेलवरच भागवलंस. पुढच्या वर्षासाठी लिहून ठेव. अडतिसाव्या अध्यायात मोशे हिशेब देतो. मोजलेले पुरुष ६,०३,५५०. प्रत्येकी अर्धा शेकेल चांदी, श्रीमंताने जास्त नाही, गरिबाने कमी नाही. एकूण ३,०१,७७५ शेकेल. ३,००० शेकेलचा एक किक्कार, म्हणजे १०० किक्कार आणि वर १,७७५ शेकेल. शंभर किक्कारांच्या शंभर बैठका ओतल्या. उरलेल्या १,७७५ शेकेलांचं काय? खांबांचे आकडे, म्हणजे हुक. हा आकडा वाचताना माझं बँकेतलं डोकं जागं झालं. मिद्राश, म्हणजे तोरावरचं जुनं कथारूप भाष्य, म्हणते की मोशेला हे १,७७५ आठवेनात आणि लोकांत कुजबुज सुरू झाली. मग त्याने मान वर केली, आकडे दिसले, जीव भांड्यात पडला. ज्याच्याशी देव समोरासमोर बोलायचा त्यालाही आकड्यापर्यंतचा हिशेब द्यावा लागला. कुणी मागितला म्हणूनच नाही, पाराशाच 'हा हिशेब' म्हणून सुरू होतो. आपल्या ट्रस्टांच्या वार्षिक सभेची तारीख माझं चाललं तर मी पेकुदेच्या रविवारी ठेवेन. भाषण लागणारच नाही, नुसतं वाचन पुरे.

पाच मिनिटं कशी बांधायची, तेही सांगतो. इंग्रजी भाषणांच्या व्हिडिओंवरून शिकू नकोस, तिथं आधी विनोद, मग तीन मुद्दे. आपल्याकडे साचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आपल्याच लोकांनी अब्राहाम, योसेफ यांची मराठी कीर्तनं रचली आणि उभं राहून केली, साकी-दिंडीसकट. पूर्वरंगात वचन आणि त्यातली अडचण, उत्तररंगात आख्यान. तुझं टिंब म्हणजे पूर्वरंग. 'मातीच्या लोट्यासाठी तोरा का थांबते?' एवढं एक मिनिट. मग आख्यान: मिश्ना, मिद्राश किंवा आजी, तीन मिनिटं. मग परत वचन म्हण, हिब्रूत, चालीवर. आणि खाली बस. चौथं मिनिट संपलेलं असेल, पाचवं लोकांना दे. वचन परत आल्यावर त्याचा अर्थ सांगायचा मोह होईल. तो गिळ. तुझं 'चांगलं वागा' याच फटीतून आत येतं.

वाचनाचं बोलण्यापेक्षा जास्त मनावर घे. गुंडाळीत स्वर नाहीत, चालीच्या खुणा नाहीत. शुक्रवारी रात्रीपर्यंत पाठ झालं नसेल तर भाषण सोड आणि पाठांतर कर. चुकलास की कुणीतरी मोठ्याने दुरुस्त करेल, पुन्हा म्हणायचं आणि पुढे जायचं. चेहरा पाडायचा नाही. चारचौघांत दुरुस्त होऊन तिथंच पुढचा शब्द वाचायची सवय पोराला लागली, तर त्याला वेगळी शिकवण द्यायची मला फारशी गरज वाटत नाही.

पुढचे काही पाराशे भराभर. केदोशीमची चिंता करू नकोस, तिथं प्रत्येक वचन स्वतःच बोलतं. मजुराची मजुरी रात्रभर ठेवू नको, पिकल्या केसांपुढे उठून उभा राहा. एक निवड, बाकी सोड. एमोर सणांचं आहे, रोश हशानाचं 'नव्याचा सण' आणि योम किप्पूरचं 'दारफाळणी' ही आपली जुनी नावं घेऊन सांग, मुलांनी ती ऐकलेलीच नसतात. बेहारमध्ये जमिनीचा शब्बाथ येतो, सातव्या वर्षी शेत पडीक. तिथं घाण्याच्या बैलाची आठवण काढ. निर्गमातल्या मिश्पातीममध्ये विसाव्याच्या दिवसाचं कारण दिलंय ते असं की तुझ्या बैलाला आणि गाढवाला आराम मिळावा. गावाने आपल्याला शनवार तेली म्हटलं ते आपली प्रार्थना ऐकून नाही. शनवारी झापड काढलेला बैल अंगणात रवंथ करत बसलेला दिसायचा.

बेखुकोथाईत शापांचा तुकडा आहे. तो हलक्या आवाजात, न थांबता वाचतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्या अलियाला, म्हणजे तोरावरच्या त्या बोलावण्याला, वाचणारा स्वतःच उभा राहतो, दुसऱ्या कुणाच्या नावावर तो घालत नाहीत. त्या शनवारी तू उभा राहा. आणि त्यावर काही बोलू नकोस.

राहिली दहाची गोष्ट, जी तू विचारली नाहीस पण प्रश्नात आहे. सार्वजनिक वाचनाला दहा पुरुष लागतात, आणि एखाद्या शनवारी नऊच जमतील. मग सेफेर, म्हणजे तोराची गुंडाळी, बाहेर काढायचं नाही, वाचनाचे आशीर्वाद म्हणायचे नाहीत. पण पाराशा त्या आठवड्याचा आहेच. बाकांवर छापील पुस्तकं वाट, सात तुकडे माणसामाणसांत वाटून दे, ज्याला हिब्रू येत नाही त्याने मराठी वाचावं, बायकांनाही तुकडे दे. तुझी पाच मिनिटं त्या दिवशीही ठेव. नऊ जण असले की कुणालाच घरी जायची घाई नसते. दहावा येईल म्हणून सगळे दाराकडे बघत बसलेले असतात.